गोरा फक्त भूत म्हणून येतो

(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला नाटकावर बोल म्हणून सांगितलंय. मी नाटकवाला नाही. न्यूयॉर्कात कॉम्प्युटरवर पोट भरतो, पलीकडं न्यू जर्सीत भाड्यानं राहतो. तेव्हा समीक्षा वगैरे माझ्याकडून नको. एका रात्रीचं सांगतो.

नोव्हेंबर २०२२. शुक्रवारची रात्र. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरचं एथेल बॅरिमोर थिएटर, हजारेक खुर्च्यांचं. तिकिटाच्या पैशात माझा दोन आठवड्यांचा किराणा आला असता. हे मुद्दाम सांगतो, कारण परदेशातला माणूस म्हणजे खिशात डॉलर खुळखुळतात असं इथं सगळ्यांना वाटतं. एकटाच गेलो. मराठी मंडळींबरोबर का नाही? तर एकदा गेलो होतो तिकडच्या एका मराठी नाटकाला, शाळेच्या हॉलमध्ये. मध्यंतरात वडा हातात देता देता एका गृहस्थानं नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग, गावात कुठं? च्यायला, सात समुद्र ओलांडून हा माणूस माझं घर गावकुसाच्या आत की बाहेर ते शोधतोय! वडा खाल्ला, दुसरा अंक सोडला. २०२३ साली सिएटल शहरानं जातीच्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, तेव्हा ‘अमेरिकेत कुठं आहे जात?’ म्हणून गळा काढणारे हेच.

असो. नाटक होतं ऑगस्ट विल्सनचं ‘द पियानो लेसन’. हा विल्सन पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीतला. पोरवयात नेपोलियनवर निबंध लिहिला, तर मास्तर म्हणाला हा चोरलेला, तू एवढं चांगलं लिहूच शकत नाहीस. (हसू नका. तुमच्यातल्या किती जणांनी हे वाक्य ऐकलंय ते मला ठाऊक आहे.) पंधराव्या वर्षी पोरानं शाळा सोडली आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसला. पुढं विसाव्या शतकातल्या दर दशकावर एक, अशी दहा नाटकं लिहिली. २००५ मध्ये वारला.

गोष्ट १९३६ सालची. बॉय विली नावाचा तरणा गडी मिसिसिपीहून ट्रकभर कलिंगडं घेऊन पिट्सबर्गला बहिणीकडं येतो. थोडे पैसे गाठीला आहेत, थोडे कलिंगडांचे येतील, उरलेले घरातला पियानो विकून. कशाला? तर सटर नावाच्या गोऱ्याची जमीन विकायला निघालीय. याच जमिनीवर याचे बापजादे गुलाम म्हणून राबले. ती त्याला मालक म्हणून हवीय. बहीण बर्नीस म्हणते, पियानोला हात लावायचा नाही.

आता हा पियानो काय चीज आहे ते ऐका. सटरच्या पूर्वजाला बायकोला भेट द्यायची होती, रोकड नव्हती. त्यानं गुलाम दिले. एक बाई आणि तिचं लहान पोरगं. एक पुरा, एक अर्धा, असा हिशेब. पुढं मालकिणीला त्या दोघांची सय यायला लागली. आपल्या माणसांची नव्हे हं, कामाच्या हातांची! म्हणून त्या बाईच्या नवऱ्याला, तो सुतार, हुकूम झाला: त्या दोघांचे चेहरे पियानोवर कोर. त्यानं कोरले. पण दोघांवर थांबला नाही. आपली आई कोरली, बाप कोरला, लग्न कोरलं, मयत कोरलं. मालकाच्या लाकडावर गड्यानं आपलं अख्खं घराणं उतरवलं. १९११ साली, ४ जुलैला, गोरे जेवणावळीला गेलेले असताना त्याच्या नातवानं, म्हणजे या बहीणभावाच्या बापानं, भावांना घेऊन तो पियानो सटरच्या घरातून उचलला. त्यापायी रेल्वेच्या डब्यात त्याला जिवंत जाळला.

आणि त्यानंतर बायको सतरा वर्षं तो पियानो पुसत राहिली.

आता बोला, विकायचा का ठेवायचा? मी थिएटरात पहिला अर्धा तास बहिणीच्या बाजूनं होतो. मग बॉय विली बोलायला लागला आणि माझी पंचाईत झाली. त्याचं खोटं काय आहे? लाकडाला पॉलिश करून पोट भरत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ ला आणि १९६४ ला जमिनीसाठी जेलात गेलेल्या माणसांना बॉय विली समजावून सांगावा लागला नसता.

सॅम्युअल जॅक्सन, सिनेमातला तो मोठा नट, त्यात काकाचं काम करत होता. १९८७ मध्ये हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा बॉय विली त्यानंच केला होता. पस्तीस वर्षांनी तोच माणूस त्याच भांडणाकडं म्हाताऱ्याच्या खुर्चीतून बघतोय. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. दोन-अडीच तास त्या रंगमंचावर एकही गोरा येत नाही. सटर येतो तो भूत म्हणून. जिन्यावर त्याची चाहूल, बस्स. त्याला संवाद नाही, त्याचा पश्चात्ताप नाही, त्याचं मोठं मन नाही. भांडण आहे ते आपसातलं, आणि दोन्ही बाजू शहाण्या.

आपल्याकडं बघा. तेंडुलकरांचं ‘कन्यादान’, १९८३. त्यातला दलित कवी अरुण कुणाच्या दिवाणखान्यात उभा आहे? समाजवादी ब्राह्मणाच्या. तो कशासाठी आहे? त्या बापाची तत्त्वं तपासायला! आमचा माणूस म्हणजे यांच्या सद्सद्विवेकाचा थर्मामीटर. आमचं आपसातलं भांडण, गोडघाटेंच्या घरातलं, दत्ता भगतांनी ऐंशीच्या दशकात ‘वाटा-पळवाटा’त मांडलं होतं. किती जणांनी बघितलंय? हात वर करा. दोन. वाचलंय किती जणांनी? पाच. बघा.

थिएटरातलंही सांगतो. गोरे प्रेक्षक चर्चमध्ये बसल्यासारखे चूप. मागच्या रांगेतल्या काळ्या बाया मात्र बोलत होत्या, थेट नटांशी. ‘सांग त्याला!’ ‘खरंय, खरंय!’ पुढचा एक टायवाला सारखा मान वळवून बघत होता. मला आपला जलसा आठवला. जलशाला कोण गप्प बसायचं?

मध्यंतरात शेजारच्या म्हाताऱ्या काळ्या बाईंनी विचारलं, कुठला? म्हटलं, भारतातला. तुमच्याकडं नाटकं होतात? म्हटलं, खंडीभर. म्हणाल्या, तुम्ही लोक असता का त्यात?

तुम्ही लोक म्हणजे कोण, हे तिला कसं कळलं, देव जाणे. म्हणजे आपल्याला देव नाही, पण तरी.

म्हटलं, असतो कधी कधी. मार खायला. ती एवढ्या मोठ्यानं हसली की तो टायवाला पुन्हा वळला.

आता जरा घरचं. माझा आजा वेसकर. त्याची घुंगरकाठी होती. ५६ नंतर त्यानं ती चुलीत घातली आणि आजीनं तिच्यावर भाकरी भाजली. नाटक बघताना काठी आठवली. ती ठेवायला हवी होती का? नाही. बिलकुल नाही. त्या काठीवर आमच्या कुणाचा चेहरा नव्हता, गावाचा हुकूम होता. पियानोवर त्या सुतारानं स्वतःच्या हातानं चेहरे कोरले, हा फरक आहे. मग आपले चेहरे आपल्या हातानं कशावर कोरलेत? जलशाच्या वह्यांवर. नाशिककडं भीमराव कर्डकांनी तीसच्या दशकात जलसे उभे केले. तमाशातला गण बदलला, वग बदलला. गावोगावच्या शाहिरांनी चाळीत, कंदिलाच्या उजेडात वह्या भरल्या. त्यातल्या किती रद्दीत गेल्या? चार आणे किलो! तिथं आपला बॉय विली तरी कुठं होता? जमीनही आली नाही आणि वहीही गेली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ते थिएटर काळ्यांचं नाही. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर पहिल्यांदा एका काळ्या बाईचं नाटक लागलं, लोरेन हॅन्सबेरीचं, ते याच बॅरिमोरमध्ये. तेव्हाही घर दुसऱ्याचं, आताही दुसऱ्याचं. त्याच्या कितीतरी आधी, १९२६ साली, हार्लेममध्ये ड्यू बॉइसनं सांगितलं होतं की काळ्यांचं नाटक त्यांच्याबद्दल हवं, त्यांनी लिहिलेलं, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याच वस्तीजवळ. त्याच ड्यू बॉइसला बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं. त्याच्या मंडळीनं प्रयोग कुठं केले? एकशे पस्तिसाव्या रस्त्यावरच्या वाचनालयाच्या तळघरात. १९९६ मध्ये विल्सनही भाषणात तेच बोलला: गोऱ्यांच्या नाटकात काळा नट घेतला म्हणून भागत नाही, आम्हाला आमची थिएटरं हवीत. केवढी बोंब झाली त्यावर! मी नंतर एका रविवारी ते वाचनालय बघून आलो. बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठ तिथून चालत जाण्याजोगं आहे. तळघराला भाडं किती पडतं? आपल्या वस्त्यांत बुद्धविहारं आहेत, समाजमंदिरं आहेत. संध्याकाळी कुलूप असतं.

नाटकाचा शेवट सांगत नाही. मिळालं तर वाचा, २०२४ मध्ये त्यावर सिनेमाही आलाय.

माझ्या एका मामाकडं पत्र्याच्या पेटीत जलशाची एक वही आहे म्हणे, अर्धी वाळवीनं खाल्लेली. उद्या सकाळी बघायला जातोय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल तर निघण्याआधी दारापाशी मला पत्ता द्या. मी रविवारपर्यंत आहे.

जय भीम.