दोनशें दिवसांची सरासरी

१९२७ सालीं फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथें तेलविहिरींतील खडकांची पहिली विद्युत्-नोंद श्लुम्बेर्जे बंधूंच्या मंडळींनीं घेतली. त्यांच्या कंपनीचा शेअर पारखावयाचा झाल्यास, गेल्या २०० दिवसांचे बाजार बंद होतांनाचे भाव मिळवून बेरजेस २०० नें भागावें. रोज नवा भाव घ्यावा, सर्वांत जुना सोडावा. या सरासरीनें रोजची खळबळ निवते व दिशा दिसते. परंतु ती भावाच्या मागून चालते. २०१४ च्या जूनमध्यें पिंपामागें शंभर डॉलरांवर असलेलें खनिज तेल २०१६ च्या आरंभीं तिसांखालीं आलें. तेल उतरलें कीं विहिरींचें काम घटतें आणि अशा कंपनीची मिळकतहि. सरासरीची रेषा वळेपर्यंत गृहस्थाची कांहीं पुंजी गेलेलीच असते. यास्तव रेषेकडे पाहावें, पण त्याआधीं तेलाचा भाव पाहावा.