व्यसन पोराचे, उपचार घराचा



गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 साली बंदी आली. पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावरून शाळकरी मुलाच्या खिशात पोचतोच. 2015 च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. परंतु कायदा ठेल्यापर्यंत जातो, घरात शिरत नाही.

घरात काय चालते? बाप मारतो, आई लपवून पैसे देते, पोरगा खोटे बोलतो. आणि पुष्कळदा त्याला खर्रा आणायला धाडणारा बापच असतो! मग दोष एकट्या पोराचा कसा?

कामगार चळवळीत एक गोष्ट पक्की कळते. एकाला कामावरून काढल्याने कारखान्यातले भांडण मिटत नाही. सर्वांना समोरासमोर बसवावे लागते. अमेरिकेत मायामी शहरी होसे सापोच्निक यांनी 1970 नंतरच्या दशकात क्यूबातून आलेल्या कुटुंबांसाठी हीच वाट धरली. पोराबरोबर आईबापांना बसवायचे, घरातली वागणूक बदलायची. सगळे येत नसतील तर येईल त्या एकापासून आरंभ करायचा. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली काढलेल्या मुक्तांगणातही उपचारात घरच्यांना स्थान आहे.

तेव्हा चोप आवरा. 14446 ही सरकारी व्यसनमुक्तीची फोनसेवा विनामूल्य आहे, तेथे विचारा. आणि घरात करार करा. कराराला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. बापाने आपली पुडी टाकून पहिली सही करावी.