थंडा आणि थंडं

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

सोसायटीतले माझे सगळे शेजारी, आणि मागच्या रांगेत 'सर कधी थांबतात' म्हणून वाट बघणारे बाळगोपाळ,

सचिवांनी मला सांगितलं, "सर, २५ वर्षांच्या आठवणी सांगा, पण १० मिनिटांत." तेवढ्यात त्या मावणार नाहीत. म्हणून मी एकच शब्द निवडलाय. मघाशी मांडवाच्या दारात पोरं प्रत्येकाला विचारत होती, "काका, चहा का थंडा?" त्या 'थंडा'वर बोलतो.

मी मूळचा देगलूरकडचा. नांदेड जिल्ह्याचं ते टोक, पलीकडं तेलंगण. आमच्याकडं पाहुण्याला 'थंडा' विचारतात. सीमेपलीकडचे सोयरे त्याच बाटलीला 'कूलड्रिंक' म्हणतात. पुण्याहून आलेली आमची सूनबाई 'कोल्ड्रिंक' म्हणते. नातू शाळेत 'सॉफ्ट ड्रिंक' शिकून आलाय. घर एक, बाटली एक आणि नावं चार!

कंपन्यांच्या नावांची तर आपण पार गंमत करून टाकली. १९७७ साली कोका-कोला भारतातून गेला आणि त्याच वर्षी थम्सअप आलं. तेव्हापासून आमच्या गावात काळं ते सगळं थम्सअप आणि नारंगी ते गोल्डस्पॉट. १९९३ मध्ये कोका-कोला परत आला, त्यानं थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट हे सगळं विकत घेतलं. पुढं गोल्डस्पॉट बाजारातून गेलं, पण आमच्या थोरल्या वहिनी अजून दुकानात गोल्डस्पॉटच मागतात आणि दुकानदारही बिनचूक नारंगी बाटली काढून देतो. लेकरांची 'पेप्सी' म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत गोड बर्फ. तिचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. लग्नात पाण्याची कुठलीही बाटली असो, आपण म्हणतो, "अरे, बिसलेरी आणा रे चार."

त्याआधी होता गोटी सोडा. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ च्या सुमारास त्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्या दाबानं काचेची गोटी वर जाऊन तोंडाशी घट्ट बसते, तेच तिचं बूच. अंगठ्यानं गोटी आत ढकलली की 'फट्' आवाज व्हायचा. आम्हाला सोड्यापेक्षा त्या आवाजाचं अप्रूप जास्त.

आणि सगळ्यांत जुनं शरबत. पुण्या-मुंबईकडं सरबत, आपल्याकडं शरबत. शब्द अरबी आहे, पिणं या अर्थाच्या धातूपासून आलेला. नांदेडला शिकत असताना मी मोहरममध्ये रस्त्यावर शरबत वाटताना पाहिलं. त्याला म्हणायचे सबील. गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवसाला, ऐन उन्हाळ्यात, शीख बांधव येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थंडगार गोड पाणी पाजतात. त्याला म्हणतात छबील. ते त्या सबीलचंच रूप. आणि चैत्रात झाडाखाली रांजण मांडून आपण लावतो ती पाणपोई. नावं वेगवेगळी, पण काम एकच: जो येईल त्याला पाजायचं. तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही.

घरात मात्र आपण विचारत होतो. माझ्या लहानपणी बाटली फुटायची ती जावयासाठी, साहेबासाठी किंवा मुलगी बघायला आलेल्या मंडळींसाठी. रोजच्या माणसाला चहा. कामावरच्या माणसाला पाणी, तेही बाहेर ओट्यावर. काहींच्या तर ओंजळीत वरून ओतलं जायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सांगताना बरं वाटत नाही, पण लपवून काय उपयोग? माणसापुढं काय ठेवलंय त्यावरून त्याची पायरी कळायची.

आता खरी गोष्ट सांगतो. आजपर्यंत ती मी कुणाला सांगितली नव्हती.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. सगळ्या देशानं ती टीव्हीवर बघितली. आपल्या सोसायटीचं बोअर तर त्याआधीच आटलं होतं. टँकरचं रजिस्टर माझ्याकडं होतं. टँकर कधी रात्री दोनला यायचा, कधी दुपारी.

एका दुपारी टँकर आला. ड्रायव्हर चाळिशीचा असेल. पाइप टाकीत सोडून तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, थंडं पाजता का जरा?"

माझं डोकं तापलेलंच होतं. त्या महिन्यात 'चहापाणी' हा शब्द ऐकून ऐकून मी विटलो होतो. कुणी काही काम केलं की वर चहापाणी. मला वाटलं, आता ह्याला थंडा पाहिजे. मी तिथंच फटकारलं, "टँकरचे पैसे दिलेत ना? मग थंडा कशाचा?"

तो काही बोलला नाही. पाइपच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं, तिथं त्यानं ओंजळ धरली. ते पाणी उन्हात तापलेलं होतं. दोन घोट घेतले, तोंडावर हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो 'थंडा' म्हणाला नव्हता, 'थंडं' म्हणाला होता. थंडा म्हणजे बाटली. थंडं म्हणजे थंड पाणी, माठातलं. अख्ख्या शहराला पाणी पाजत फिरणाऱ्या माणसानं घोटभर गार पाणी मागितलं होतं, आणि मी, जन्मभर मराठी शिकवणारा मास्तर, एका शब्दाचं लिंग चुकलो!

मी वर पळत गेलो, माठातून तांब्या भरला आणि खाली आलो, तोवर टँकर फाटकाबाहेर गेला होता. पुढं टँकर येत राहिले, ड्रायव्हर बदलत राहिले. तो काही मला परत दिसला नाही.

तेव्हापासून मी शब्द ऐकताना सांभाळतो. मुलांनो, आजी 'गोल्डस्पॉट' म्हणाली की हसा, पण तिच्या बरोबर हसा, तिला हसू नका. आणि कुणी 'थंडं' मागितलं तर आधी पाणी द्या, हिशेब मागाहून करा.

आता समितीला एक विनंती. आज आपल्या घरोघरी फ्रिज आहेत, जारचं पाणी आहे. पण फाटकावर भर उन्हात पार्सलवाले, गॅस सिलेंडरवाले, कचरागाडीवरच्या बाया येतात, त्यांच्यासाठी काही नाही. वॉचमनच्या खोलीजवळ लिंबाखाली एक रांजण ठेवू या. रांजण माझ्याकडून. रोज धुवून भरायची पाळी मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायची. पहिला आठवडा माझा.

पाटी लावायची असेल तर वर सोसायटीचं नाव नको, देणगीदाराचंही नको. एकच शब्द पुरे: थंडं. अनुस्वार मात्र विसरू नका.

आता चहा घ्या, थंडा घ्या, ज्याला जे पाहिजे ते घ्या.