सही राष्ट्रपतींची आणि सही आपली

दिवाळी तोंडावर आली. ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आत माहेरी एक चक्कर होईल, भाऊबीज होईल. काही घरांत साडीचोळीबरोबर एक कागदही पुढं येईल. त्या कागदाविषयी बोलायचंय, पण जरा लांबून येऊ.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतून लाखो माणसं बोटीनं अमेरिकेला गेली. विस्कॉन्सिन, मिसुरी अशा राज्यांत वसली. तिथं सरकारी जमीन घेतली की हातात कागद यायचा, त्यावर राष्ट्राध्यक्षांचं नाव. गंमत म्हणजे १८३३ नंतर ही सही राष्ट्राध्यक्ष स्वतः करतच नसत, त्यांच्या नावानं सचिव करायचा. तरी कागदाचं वजन तेच.

१८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. पाच वर्षं राहा, जमीन कसा, १६० एकरांपर्यंत तुमची. विधवा आणि एकवीस वर्षांवरची बिनलग्नाची बाई स्वतःच्या नावावर जमीन मागू शकत होती. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा मिळत नसे. आणि जे मूळ रहिवासी तिथं पिढ्यानपिढ्या राहत होते, त्यांना हटवूनच ही जमीन वाटली गेली. त्यांच्याकडं असा कागद नव्हता.

आता आपल्याकडं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, पण ज्यांचं लग्न आधीच झालं होतं त्या वगळल्या. मग २००५ मध्ये देशाचा कायदा बदलला. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची मंजुरी मिळाली आणि ९ सप्टेंबरपासून लेक जन्मानंच मुलाइतकी वाटेकरी झाली, लग्न झालेलं असो वा नसो. तेव्हा वडील हयात हवेत, ही अटही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या कायदेशीर वाटण्या मात्र मोडत नाहीत. हा कायदा बौद्ध बहिणींनाही लागू आहे.

म्हणजे तिकडून एक सही झाली. आणि इकडं आपण दुसरी सही करून तो हक्क सोडतो. तिचं नाव हक्कसोडपत्र.

आमच्या गटातल्या एकीला भावानं सांगितलं, "वारस लावायचाय, इथं अंगठा दे." तिनं कागद घरी आणला. पोरीनं वाचला, तर तो हक्कसोड. ती चार दिवस जेवली नाही. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, आम्ही तिला हसलो नाही. पण सही तिनं केली नाही.

हक्क सोडायचाच तर मनानं सोडा, कुणी अडवत नाही. मात्र ते रजिस्ट्री ऑफिसात नोंदवावं लागतं, साध्या कागदावर भागत नाही. वडील वारले की तीन महिन्यांत तलाठ्याकडं वारसाची खबर द्यायची असते. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस मिळतात, ती घडी करून डब्यात ठेवू नका.

दिवाळीआधी माहेरचा सातबारा आणि आठ-अ काढून बघा, मोबाईलवरही दिसतो. वाचता येत नसेल तर बुधवारी गटात घेऊन या. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या कायद्यानं ठरतो, त्यावर पुढच्या वेळी बोलू.