बिल तेच, वाचणारा बदलला

मी छोट्या निर्यातदारांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं बघतो. आजचा विषय परदेशातल्या सक्तीच्या ई-इनव्हॉइसचा आहे, पण सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. ती चूक झाली नसती तर या विषयावर बोलायला मी उभा राहिलो नसतो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझा एक ग्राहक आहे. ओतकाम करतो, पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग बनवतो. आपल्याकडे ई-इनव्हॉइस 1 ऑक्टोबर 2020 ला पाचशे कोटींच्या वरच्यांना लागू झालं, मग मर्यादा खाली खाली येत गेली, आणि 1 ऑक्टोबर 2022 ला दहा कोटींवर आली. त्यात हा सापडला. (1 ऑगस्ट 2023 पासून ती पाच कोटी आहे. आणि 2017-18 पासूनच्या कुठल्याही एका वर्षात ओलांडली असेल तरी लागू होते. पुढे धंदा कमी झाला म्हणून सुटका नाही.)

मी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं, मालकांबरोबर बसलो, चाचणी घेतली. पोर्टलवरून चौसष्ट अक्षरांचा आयआरएन आला, क्यूआर कोड आला, मालकांनी पेढे मागवले. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीचा परतावा येणं बंद झालंय. कस्टमच्या यादीत प्रत्येक शिपिंग बिलासमोर एसबी005. म्हणजे शिपिंग बिलावरचा इनव्हॉइस नंबर आणि जीएसटी रिटर्नमधला नंबर जुळत नाही.

कारण काय होतं? या कारखान्यात वर्षानुवर्षं दोन बिलं बनत. एक जीएसटीचं, आणि एक परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचं कमर्शिअल इनव्हॉइस, त्याची मालिका वेगळी. क्लिअरिंग एजंटकडे दुसरंच जायचं. आणि तिथं सव्वीस वर्षं हिशेब लिहिणारे काका दर महिन्याला रिटर्न भरताना हातानं कमर्शिअल इनव्हॉइसचा नंबर टाकायचे. त्यामुळे सगळं जुळायचं. ई-इनव्हॉइस आल्यावर रिटर्नमधले आकडे पोर्टलवरून आपोआप भरले जाऊ लागले, काकांनी हात लावायचं थांबवलं, आणि नंबर फिसकटले.

मी काकांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंत कुठं? मला वाटलं आता मशीनला सगळं कळतं."

खरं होतं. मी मालकांना विचारलं होतं, सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं होतं, एजंटला फोन केला होता. ज्यांच्या टेबलावरून प्रत्येक बिल जातं त्यांना नाही. मग कस्टममध्ये नंबर जुळवून दाखवणारे तक्ते द्यावे लागले, एकेका शिपिंग बिलासाठी. परतावा आला, पण मधल्या काळात मालकांनी पगारासाठी ओव्हरड्राफ्ट काढला. त्याचं व्याज कुठल्याही तक्त्यात परत मिळत नाही.

आता सीमेपलीकडे जाऊ. 2025 च्या सुरुवातीला याच मालकांचा रात्री नऊला फोन आला. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं: आमच्याकडे ई-इनव्हॉइस लागू झालंय, तुमची तयारी काय? त्याच आठवड्यात एक सॉफ्टवेअर विकणारा येऊन घाबरवून गेला होता. मालक सही करायच्या बेतात होते. मी म्हटलं, थांबा.

जर्मनीत 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या व्यावसायिकांना ई-इनव्हॉइस स्वीकारता आलं पाहिजे, आणि पाठवण्याची सक्ती 2027 आणि 2028 अशी टप्प्यानं आहे. पण ती जर्मनीतल्याच दोन व्यावसायिकांमधल्या व्यवहाराला. बेळगावहून माल पाठवणाऱ्याला तो कायदा लागत नाही. बेल्जियमनं 1 जानेवारी 2026 पासून, पोलंडनं फेब्रुवारी 2026 पासून आधी मोठ्यांना आणि एप्रिलपासून बाकीच्या बहुतेकांना सक्ती केली, तीही आपल्या देशात बस्तान असलेल्यांना. मलेशियात तर परदेशातून घेतलेल्या मालाचं ई-इनव्हॉइस खरेदीदारच स्वतः बनवतो. तुम्हाला फक्त त्याला लागणारी माहिती नीट द्यायची असते.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: तिथं माझं काय आहे? तिथं कंपनी, शाखा किंवा गोदाम नसेल, तिथली करनोंदणी नसेल, तर बहुतेक वेळा कायद्याची सक्ती तुमच्यावर नसते. मग गिऱ्हाईक जे मागतंय ती त्याची सोय असते. ती द्यावी, नक्की द्यावी, पण कायद्याच्या भीतीनं नव्हे. किंमत बोलताना हा फरक कामाला येतो.

पण या मालकांची शारजात एक लहान कंपनी आहे. माल तिच्या गोदामात उतरतो आणि ती तिथल्याच दुकानदारांना विकते. खरी जबाबदारी तिथं आहे, आणि तिच्याबद्दल मात्र कुणी पत्र पाठवलं नव्हतं! अमिरातीत पाच कोटी दिरहॅम किंवा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना 1 जानेवारी 2027 पासून, आणि त्याखालच्यांना 1 जुलै 2027 पासून ई-इनव्हॉइस लागू होतंय. काउंटरवरच्या किरकोळ गिऱ्हाइकाचं बिल सध्या त्यात नाही.

तिथली पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे बिल आधी सरकारी पोर्टलवर जातं, शिक्का बसतो, मग ते वैध होतं. तिथं पेपोल नावाच्या जाळ्यातून बिल जातं: तुमचा मान्यताप्राप्त सेवादार, समोरच्याचा सेवादार, आणि कर खात्याला त्याची माहिती. पोस्टात पत्र टाकल्यासारखं, फक्त पोस्टमन सरकारमान्य खासगी. म्हणून तिथं आधी सेवादार निवडावा लागतो, आणि शेवटच्या महिन्यात सगळे एकाच दारात उभे असतात.

सेवादार मिळाला तरी अडतं कुठं, तर माहितीत. पीडीएफ म्हणजे बिलाचा फोटो, माणूस समजून घेतो. एक्सएमएल मशीन वाचतं, आणि मशीन समजून घेत नाही. उदाहरण देतो. आपण भारतीय ई-इनव्हॉइसमध्ये नगासाठी एनओएस लिहितो. पेपोलमध्ये त्याच नगाचा कोड एच87. किलो आपल्याकडे केजीएस, तिथं केजीएम. शारजाच्या यादीत मी एकच व्हॉल्व्ह बॉडी तीन नावांनी बघितली: एकदा नग, एकदा सेट, एकदा "पीसी". गिऱ्हाइकांची नावं दुकानाच्या पाटीवरची होती, परवान्यावरची नव्हती. पंधरा आकडी करक्रमांकाच्या जागी कुणीतरी मोबाइल नंबर टाकून ठेवला होता.

आपल्या बाजूलाही बारकावे आहेत. बिलाचा नंबर सोळा अक्षरांच्या आत हवा आणि शून्य, तिरकी रेघ किंवा आडव्या रेघेनं सुरू होता कामा नये. पोर्टलवर बिल रद्द करायला चोवीस तास मिळतात, आणि ई-वे बिल चालू असेल तर तेही नाहीत. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. दहा कोटींच्या वरच्यांना 1 एप्रिल 2025 पासून बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत पोर्टलवर चढवावंच लागतं. गिऱ्हाईक महिन्यानं म्हणालं "दर जरा बदला", तर जुनं बिल फाडून नवं करायचे दिवस गेले. क्रेडिट नोट काढायची. हे विक्रीवाल्यांना आधी सांगा, हिशेबवाल्यांना ते ठाऊकच असतं.

यावेळी मी उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी काकांबरोबर चार दुपारी बसलो. त्यांना म्हटलं, पोर्टलवर किंवा कागदावर तुम्ही हातानं जे जे दुरुस्त करता ते सगळं सांगा, कितीही क्षुल्लक असो. वहीची अकरा पानं भरली. एका गिऱ्हाइकाला पॅकिंगचा खर्च वेगळ्या ओळीत लागतो, एकाच्या ऑर्डरचा नंबर बिलावर नसेल तर पैसे अडकतात, एकाचे दशांश नेहमी पैशापैशानं फिरतात कारण ते ओळीगणिक पूर्णांक करतात आणि आपण बेरजेवर. यातलं एकही सॉफ्टवेअरवाल्याच्या प्रश्नावलीत नव्हतं.

कमर्शिअल इनव्हॉइसची वेगळी मालिका आम्ही बंद केली. आता एकच नंबर पोर्टलवर, शिपिंग बिलावर आणि गिऱ्हाइकाच्या हातात. शारजाची यादी अजून साफ होतेय, निम्म्यावर आलीय. काका पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी आलेली मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून ती वही एक्सेलमध्ये उतरवते, आणि काका अधूनमधून म्हणतात, "अगं, हे राहिलंच होतं बघ."