यंत्राची दृष्टी आणि घरचे रुमाल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात लातूर येथे केलेले भाषण)



आम्ही हाडाचे शिक्षक. आमची मजल मॅट्रिकपर्यंतची. तेव्हा यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे, असा आमचा मुळीच दावा नाही. तथापि गेल्या वर्षी आमच्या घरात या यंत्रामुळे जो प्रसंग घडला, तो आपल्या घरीही घडू शकेल. म्हणून चिटणिसांचा आग्रह मोडवला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावर अथवा पेटीत जुन्या कागदांचा रुमाल बांधून ठेवलेला असतो. त्यात वाटणीपत्रे असतात, खरेदीखते असतात, सावकाराच्या पावत्या असतात. कोठे मोडी, कोठे उर्दू. १९४८ सालापर्यंत आपला मुलूख निजामी राज्यात होता, त्यामुळे हा दोन लिप्यांचा वारसा आपल्याकडे आला. निजामकालीन नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा या लिप्या वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे सर्वांच्या ध्यानात आले.

आमच्या रुमालात आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्यामधील वाटणीपत्र होते. शेतातील विहिरीवरून आमच्या आणि चुलत घराण्यात कित्येक वर्षे धुसफूस चालू होती. आमच्या नातवाने मोबाइलवर त्या कागदाचे छायाचित्र घेतले आणि कृत्रिम बुद्धीच्या कारभाऱ्याला वाचावयास दिले. अर्ध्या मिनिटात स्वच्छ देवनागरी मजकूर समोर आला. विहीर आमच्या आजोबांच्या हिश्श्यास, असे त्यात चक्क लिहिले होते. आम्हांस किती आनंद झाला म्हणून सांगावे! आता हा कागद चुलतवहिनींच्या पुढे टाकावयाचा आणि वाद कायमचा मिटवावयाचा, असे आम्ही त्याच रात्री ठरविले.

हा कारभारी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तो सांगितलेल्या कामाचे टप्पे स्वतः पाडतो आणि एकेक साधन वापरीत काम तडीस नेतो. परंतु काही वेळा त्यास स्वतःची दृष्टी नसते. तो धृतराष्ट्रासारखा आसनावर बसलेला असतो. चित्र पाहून शब्दांत वर्णन करणारे निराळे साधन त्याचा संजय होते. कारभारी विचारतो, ‘येथे काय लिहिले आहे?’ आणि हा संजय सांगतो. छायाचित्र म्हणजे यंत्राच्या लेखी बारीक ठिपक्यांची आणि आकड्यांची जाळी. त्या जाळीचे तुकडे पाडून, पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे, येथे कोणते अक्षर असावे याचा ते अदमास बांधते.

अदमास हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. महाभारतातील संजयाने पुत्रवधाची वार्ताही धृतराष्ट्रास जशीच्या तशी सांगितली. यंत्राचा संजय मात्र जेथे दिसत नाही तेथे ‘दिसत नाही’ असे म्हणेलच, याचा भरवसा नाही. कागद फाटला असेल, शाई उडाली असेल, तर तो शोभेल असा शब्द तेथे बसवितो, आणि तोही इतक्या ठामपणे की ऐकणाऱ्यास शंका येऊ नये.

आमच्या मनात शंका आली ती एका सालामुळे. कागदावर १३३२ हा आकडा होता. यंत्राने तो शक मानला आणि वाटणी इसवी सन १४१० मध्ये झाल्याचे सांगितले. म्हणजे आमचे आजोबा एकदम पाचशे वर्षांनी वडील झाले! वास्तविक ते फसली साल. निजामी मुलखातील फसली सालात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. त्या हिशेबाने ते १९२२–२३ होते. जे साल चुकविते ते आणखी काय चुकवीत असेल, या विचाराने आम्ही कागद घेऊन नांदेडला एका वयोवृद्ध मोडी जाणकारांकडे गेलो.

त्यांनी भिंग लावले. विहिरीच्या ओळीवर ते थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, ह्या दोन उभ्या रेघा पाहिल्यात का? हा अर्धा हिस्सा आहे.” जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. यंत्राने त्या रेघा श्लोकाच्या शेवटी येणाऱ्या दंडासारख्या समजून गाळून टाकल्या होत्या. दोन रेघा गेल्या आणि वहिनींचे अर्धे पाणी गेले!

नारायणराव पेशव्यांचा वध १७७३ साली झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ झाला, ही त्याविषयीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या गोष्टीत हात कपटी होता. येथे यंत्राच्या मनात कपट नव्हते. परंतु आमच्या मनात लोभ होता. साल चुकले तेव्हा आम्ही हसलो, विहीर चुकली तेव्हा मात्र आम्हांस ते वाचन बिनचूक वाटले. दोष एकट्या संजयाचा नव्हता. धृतराष्ट्रास जे हवे होते तेच त्याने ऐकले.

यावरून ही यंत्रे टाकाऊ आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. रुडकीच्या आय.आय.टी.तील आणि पुण्यातील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करण्यासाठी २,०४३ चित्रांचा संग्रह सिद्ध केला आणि त्यावर यंत्रास शिकविले. ते काम २०२५ साली प्रसिद्ध झाले. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. ‘सुत’ म्हणजे पुत्र की ‘सूत’ म्हणजे धागा, हे संदर्भानेच ओळखावे लागते. असे असता यंत्र ढिगातून हवा तो कागद हुडकून देते, हे लहानसहान साहाय्य नव्हे.

मात्र काही पथ्ये पाळावीत. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, घडी सपाट करून घ्यावे. सबंध पानाचे एकच चित्र दिल्यास पुष्कळदा यंत्र ते लहान करून पाहते आणि बारीक रेघा नाहीशा होतात. म्हणून चार-चार ओळींचे निरनिराळे चित्र द्यावे. न दिसणारी जागा कोरी सोडण्यास बजावावे. स्थळांचा इतिहास आपण ध्यानात ठेवावा: लातूर जिल्हा १९८२ साली झाला, उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत होते. आणि हक्काचा, वारशाचा किंवा वंशावळीचा प्रश्न असेल, तेथे जाणत्या माणसाच्या साक्षीवाचून यंत्राचे वाचन प्रमाण मानू नये. मूळ कागद तर कदापि टाकू नये. मंडळाने उन्हाळी सुटीत मोडीचा वर्ग चालवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिला विद्यार्थी म्हणून आमचे नाव लिहून घ्यावे.

नांदेडहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही चुलतवहिनींच्या घरी गेलो, कागद पुढे ठेवला आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवून अर्थ सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा आला. आता विहिरीवरील पाण्याची पाळी एक दिवसाआड ठरली आहे.