कामठ्याची टोकं सांभाळा
(शिबिरात एका जुन्या साथीने केलेले भाषण. बोलले तसे उतरवून घेतले आहे.)

साथींनो, पोरांनो,

काल रात्री तुमचे नऊ कामठे मी हातात घेऊन बघितले. पाचांची टोकं चिरलेली आहेत. मोर्च्यात खांद्यावर छान दिसतात, पण ओढले तर तुटतील. मला भाषण येत नाही. कामठा येतो. तेवढंच बोलतो.

कामठा मधे मोडत नाही. मध्याला तो जाड असतो. मोडतो टोकाला. टोक आधीच बारीक, त्यात आपण खाच पाडतो. बांबूचे धागे उभे असतात, खाचेनं ते कापले जातात. ओढलं की सगळा जोर त्या खाचेवर येतो आणि चीर खाली पळते. माझा असाच फाटला. रात्री डुकरं हाकायला माळ्यावर होतो. टोक फुटलं, दोरी सुटली, डोळ्याखाली वळ उठला. बोटभर वर लागली असती तर आज तुम्हाला बघितलं नसतं.

म्हणून ऐका. बांबू निवडताना टोकाजवळ पेर येईल असा तोडा. पेराला धागे एकमेकांत गुंतलेले असतात, तिथं चीर अडते. धामणीचा कामठा असेल तर टोकाला गाठ नको, सरळ रेषेचं लाकूड घ्या. खाच कोयत्यानं एका घावात पाडू नका. चाकूनं हळू कोरा, कोपरा ठेवू नका, गोल करा, घासून गुळगुळीत करा. कोपरा राहिला तर तोच दोरी कापतो आणि तिथूनच चीर सुटते. दोन्ही टोकांच्या खाचा सारख्या पाहिजेत, नाहीतर दोरी एका अंगाला जाते.

मग बांधणी. खाचेच्या खाली दोन बोटं जागा घट्ट गुंडाळा. बोकडाच्या पायाची शीर मिळाली तर सगळ्यात बरी. वाळवून ठेचायची, धागे काढायचे, ओले करून गुंडाळायचे. वाळताना ती आपोआप आवळते. नाही मिळाली तर अंबाडीचा बारीक दोरा चालतो, वेढ्याला वेढा लावून. वरून पळसावरची लाख तापवून पातळ लावा. पावसात शीर सैल पडते, लाखेनं पाणी आत जात नाही. टोकाचं उघडं लाकूडसुद्धा लाखेनं बुजवा, ओल तिथूनच शिरते.

काम झालं की दोरी उतरवा. टोक जमिनीवर टेकवून कामठा कोपऱ्यात उभा करू नका. दोन खुंट्यांवर आडवा ठेवा, चुलीचा धूर लागेल असा, म्हणजे भुंगा लागत नाही. आणि तीर न लावता रिकामी दोरी ओढून सोडू नका. तीर घेऊन जातो तो जोर मग टोकावरच आदळतो.

आता म्हणाल, बांबू कुठून आणायचा? खरं आहे. १९२७ च्या वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू झाडात मोजला जायचा, एक काठी आणली तरी गार्ड अडवायचा. शिकारीचं मी बोलतच नाही, ती १९७२ च्या कायद्यानं बंद झाली. पण कामठा फक्त शिकारीचा नाही. १८५८ साली आंबापाणीला खाज्या नाईकांची माणसं इंग्रजांपुढं उभी राहिली, त्यांच्या हातात कामठा होता. तो आपल्या जमिनीच्या गोष्टीतला आहे. घरच्या वापराचा बांबू हा आपला हक्क आहे, ही मागणी अर्जात लिहायचीच.

शेवटचं एक. मागल्या पावसाळ्यात आपल्या टोकाच्या पाड्यावर उभी ज्वारी उपटली. मधल्या गावाला हात लावला नाही, तिथं माणसं जास्त आहेत. निरोप आपल्यापर्यंत दुसऱ्या दिवशी आला, तोवर सगळं झालं होतं. त्या घरांनी वर्षभर काय खाल्लं ते मला माहीत आहे. ती चूक गार्डाची होती तशी आपलीही होती. आपण बैठका नेहमी मधल्या गावात घेतो, सोय म्हणून. टोकाला बांधणी केलीच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं, पुढची बैठक टोकाच्या पाड्यावर घ्या. प्रत्येक टोकाच्या पाड्यातून एक बाई, एक बाप्या समितीत घ्या. निरोप धावत नेणारी दोन पोरं आजच ठरवा. पाऊस यायच्या आत करा, कामठ्याचंही आणि पाड्याचंही.

आता ते पाच कामठे इकडे आणा. शीर भिजत घातली आहे. बसून बांधू.

जिंदाबाद!